सहा वेढे आणि चिमूटभर कापूस

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

स्क्रू पडला. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू. गॅलरीतल्या दोन फरशांच्या मधल्या भेगेत गेला. झाडूच्या काडीनं उकरून काढायला चाळीस मिनिटं गेली आणि काढल्यावर कळलं की त्याची खाच आधीच झिजलेली आहे.

ही डायरी यांची. कंपनीकडून मिळालेली. आत चारच नोंदी आहेत, चारही गॅसचं सिलिंडर लावल्याच्या. शेवटची जुलैमधली. पुढची पानं कोरी होती म्हणून मी घेतली. लॅबमध्ये केलेलं काम लिहून ठेवायची सवय आहे. लिहिलं नाही की तीच चूक पुन्हा होते.

काल नीलेश आला होता. हा यांच्याच खात्यात, यांच्याच पाळीत होता. ऑगस्टमध्ये हे बेटेगावला कोसळले तेव्हा रिक्षात घालून हॉस्पिटलला त्यानंच नेलं. हार्ट अटॅक. हे वाचले नाहीत. काल चहा घेतला, आईंशी बोलला, आणि चपला घालता घालता म्हणाला, "वहिनी, भाऊंचं ते वाफेचं मशीन घरात असंल ना? तुमाला नको असंल तर मला द्या."

मी म्हटलं, देईन, पण ते बंद आहे.

"बंद हाय ते म्हायती हाय. तसाच द्या."

मी म्हटलं, या घरातून बंद वस्तू कोणाला दिलेली नाही. चालू करून देते. तो काही तरी बोलणार होता, पण गेला.

आता घेतलंय अंगावर. तसं अवघड नसावं. खाली बॅटरी, वर नखाएवढी टाकी, टाकीत दोन खांब. खांबांमध्ये बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, बसवायची आणि गुंडाळीतून कापूस ओवायचा. कापूस बाटलीतला पातळ द्रव वर ओढतो, तार तापते, वाफ होते. समईसारखंच, फक्त पेटत नाही. सिगारेट सुटावी म्हणून यांनी हे आणलं. ई-सिगारेट विकायला बंदी आहे, म्हणून दांडी गावच्या कोणा जहाजावर जाणाऱ्या माणसाकडून. सिगारेट सुटली, हे लागलं.

दर सोमवारी संध्याकाळी गॅलरीचं दार लावून बसायचे. "मधे बोलू नकोस, हात हलतो." अर्ध्या तासानं नवीन कॉइल बसलेली असायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "संपव लवकर आन् जेवायला ये." हे म्हणायचे, "आलो, पाच मिनिटं." त्यांची पाच मिनिटं कधी पाच मिनिटांची नव्हती.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच जाऊन आले. बोटाला शाई, आणि त्याच बोटावर तार टोचल्याच्या तीन खुणा.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. दिल्लीकडचा एक मुलगा हिंदीतून सांगतो, "बहुत ही आसान है." त्याला समोर बसवून करायला लावावं. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीवर तारेचे सहा वेढे घ्यायचे, एकमेकांना चिकटून, पण एकमेकांवर चढू न देता. मग टोकं खांबांत घालून स्क्रू पिळायचा. बटण दाबलं की गुंडाळी मधून लाल व्हायला लागली पाहिजे आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी सरकली पाहिजे.

पहिली: एकाच टोकाला लाल. दुसरी: स्क्रू पिळताना तार तुटली. तिसरी: एक वेढा दुसऱ्यावर चढला, तिथंच पांढरी पडली. चौथी: चांगली वाटली, चिमट्यानं दाबायला गेले तर उडून तुळशीत.

एकोणीस वर्षं लॅबमध्ये काढली. थेंब मोजून टायट्रेशन करते. पाच मिलिमीटरची एक गुंडाळी होत नाही.

आई आतून म्हणाल्या, "काय करतीयास गं तितं?"

"यांचं मशीन बघते."

"वाफंचं? सर्दी झालीया व्हय तुला?"

यांनी आईंना सांगून ठेवलं होतं की सायनसचं औषध आहे. तीन वर्षं. मी तेव्हाही काही बोलले नाही, आजही "हो" म्हटलं. आता मला काढा प्यावा लागला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तार संपली.

२४ नोव्हेंबर, रविवार

बोईसरला बाजारात पुंडलिकभाऊंचं इस्त्री-मिक्सर दुरुस्तीचं टपरीवजा दुकान आहे. तिथं गेले. बारीक नायक्रोमची तार मागितली.

"कशाला पायजे ताई?"

"लॅबला."

"एवढी मोठी कंपनी तुमची, नि तार नाय भेटत?" असं म्हणून त्यांनी शेगडीची कॉइल काढून दिली. "ही न्या. तुमी जाल, ही नाय जायाची."

मी घरी येऊन ती ताणून सरळ केली, बसवली. मशीनच्या पडद्यावर 'शॉर्ट' लिहून आलं. जाड तार, अडथळा कमी. ओहमचा नियम नववीत शिकले. परत गेले.

"काय, फसला परयोग?"

मग त्यांनी बिघडलेल्या हेअर ड्रायरमधली तार उलगडून दिली. केसाहून थोडी जाड. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "मारुतीशेठ आमच्याकडं बसायचे कधी कधी. तेंना पन आसलीच तार लागायची. ती नेताना पन लॅबला म्हनायचे."

यांच्या कंपनीत लॅबच नाही. लॅब माझ्या कंपनीत आहे. माझं नाव सांगून तार न्यायचे.

संध्याकाळी दोन गुंडाळ्या केल्या. दुसरी मधून लाल झाली. बाजूला थोडी अडखळली, पण झाली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बाटली आज मोजली. लॅबमधून न वापरलेली सिरिंज आणली होती. अकरा मिली. ही शेवटची बाटली, आणि पुन्हा मिळायची नाही. वास बडीशेपेचा. हॉटेलात बिलाबरोबर वाटीत येते तशी, साखर लावलेली. हे होते तेव्हा पडद्यांना यायचा, उशांना यायचा, आंघोळीच्या टॉवेललासुद्धा. मी पडदे दर पंधरा दिवसांनी धुवायचे. आता धुऊन धुऊन कुठंच राहिलेला नाही.

प्रत्येक चाचणीला अर्धा ते एक मिली जाणार. म्हणजे जेमतेम पंधरा चाचण्या. नीलेशला बाटलीसुद्धा द्यायची आहे, तेव्हा काही उरायला हवं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

कापूस कुठला वापरायचा हा प्रश्न होता. मेडिकलमधला आणला, त्यात फिनाईलसारखा वास. मग आईंच्या डब्यातून समईच्या दोन वाती घेतल्या. वात ती वात, असा विचार केला. छान वळलेल्या, घट्ट, गुंडाळीतून सुईसारख्या गेल्या. वर एक मिली टाकलं. पाच मिनिटं थांबले. बटण दाबलं.

घरभर करपलेल्या दुधाचा वास.

आई हातातली माळ टाकून स्वयंपाकघरात. "दूध उतू गेलं! अर्चे, दूध!" गॅस बंद होता. दूध फ्रीजमध्ये होतं. आईंनी फ्रीज उघडून पातेल्याचा वास घेतला, मग माझ्याकडं पाहिलं.

नंतर लक्षात आलं. आई वाती वळताना बोटं दुधात बुडवतात. त्यांच्या साताऱ्याकडं तशीच पद्धत. दुधानं धागा बसतो, वात फुलत नाही. वीस वर्षं रोज समोर बघते आहे. बाईला बॅच फेल झाल्यावर कच्चा माल तपासायचं सुचतं, आधी नाही.

एक मिली वाया. शिवाय एक झुरका ओढून बघितला होता, त्याचा खोकला अजून जात नाही. आईंनी पुन्हा काढा दिला.

१ डिसेंबर, रविवार

आज काहीच केलं नाही. लिहून मात्र ठेवते, कारण नोंद अर्धवट आहे. मशीन बंद का पडलं ते कुठंच लिहिलेलं नाही.

मी बंद पाडलं. ११ ऑगस्टला, रविवारी. जेवायला तीनदा बोलावलं. तीनदा "पाच मिनिटं". चौथ्यांदा मी गॅलरीत गेले, हातातून मशीन घेतलं, टाकी उघडली आणि भुवयांच्या चिमट्यानं कापूस ओढून काढला. तारही त्याच्याबरोबर आली. तुळशीच्या कुंडीत टाकली. म्हटलं, घ्या, आता ओढा.

हे हसले. म्हणाले, "बरं झालं. उद्या सोमवारच आहे, नवीन होणारच होती." आणि जेवायला आले. दोडक्याची भाजी होती. पुन्हा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी. तीनला सुटतात. सोमवारी तासभर उशीर व्हायचाच, हे म्हणायचे आठवड्याच्या सुरुवातीला काम जास्त असतं. साडेचारला नीलेशचा फोन आला. मशीन कपाटातच राहिलं.

४ डिसेंबर, बुधवार

कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसायचं नाही असं ठरवते आणि बसते. बेटेगावचा फाटा येतो. यांच्या कंपनीचं गेट एका अंगाला, आमचं घर त्याच रस्त्यावर पुढं. बेटेगाव पार दुसरीकडं. तिथं कशाला गेले होते? नीलेशला तेव्हाच विचारलं होतं. त्याची खोली तिथं आहे. तो म्हणाला, "असंच आलेले." चार महिने तेच उत्तर. घरी जेवायला यायला पाच मिनिटं नसायची, आणि नीलेशकडं असंच जायला वेळ होता.

गुंडाळी आता बरी होते. नऊपैकी सहा. कापूस अजून जमत नाही. घट्ट भरला की कोरडा पडून घसा जाळतो. सैल भरला की टाकीच्या भोकातून सगळं गळतं. काल लॅबच्या फाइलवर गळलं. आमच्या लॅबमधली सपना विचारत होती, "मॅडम, बडीशेप खाल्ली का?" बाटलीत सहा मिली.

८ डिसेंबर, रविवार

दुपारी आई डबा घेऊन समोर बसल्या.

"माज्या डब्यातल्या वाती कमी झाल्यात."

मी म्हटलं, उंदीर असतील.

"उंदीर वाती न्हेत न्हाईत, अर्चे. दाव काय करतीयास ते."

मी मशीन दाखवलं. टाकी उघडून गुंडाळी दाखवली, भोकं दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. मशीन कशाचं, सर्दी कुणाची, काहीच विचारलं नाही.

"ह्यातनं वात घालायची व्हय? आन् ती तेल वर ओढणार?"

"हो."

"मग पिळतीयास कशाला? पिळल्याली वात उभी ऱ्हाती, समईला बरी. आडव्या वातीत पीळ भरलास की तेल मधीच अडतं. आन् हितं बघ, गाठ तशीच ठेवलीयास. तेवढी जागा कोरडीच ऱ्हाणार. मग जळंल न्हाय तर काय?"

लाख वाती वळण्याचा नेम त्यांनी दोनदा पुरा केलाय. मी त्याला वेळ घालवणं म्हणायचे. मनात.

त्यांनी गावाकडच्या कापसाची पुडी काढली. चिमूटभर घेतला. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलके हलके ओढत राहिल्या, धागे सगळे एका दिशेला होईपर्यंत. कचरा वेचून टाकला. दूध नाही, पाणी नाही, कोरडे हात. वळलं मुळीच नाही. नुसतं टोक ओठांनी ओलं करणार होत्या, मी म्हटलं, नको. म्हणाल्या, "बरं बाई, तुजी प्रयोगशाळा."

कापूस गुंडाळीतून सरकला. अडकत होता, पण तार वाकत नव्हती. "आस्सं. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो बघ. बोट आत जाया पायजे आन् कुत्रं निसटाया नको."

हे त्या व्हिडिओतल्या मुलानं का सांगितलं नाही?

१० डिसेंबर, मंगळवार

मी स्वतः भरला. गळला. टोकं लांब कापली होती.

११ डिसेंबर, बुधवार

गळला. टोकं आखूड कापली होती. तीन मिली.

१५ डिसेंबर, रविवार

गुंडाळी मधून लाल, दोन्हीकडं सारखी, दोनदा खात्री केली. कापूस आईंनी पाहिला. "आता काय बी म्हनायला जागा न्हाय," म्हणाल्या. त्यांच्याकडून हे म्हणजे पुष्कळ झालं.

बाटलीत दोन मिली. टाकून बघायचं तेवढं राहिलंय. आज टाकलं नाही. नीलेश पुढच्या रविवारी येणार आहे. त्याच्यासमोरच टाकलेलं बरं, म्हणजे त्याची खात्री होईल. त्याआधी उगाच कशाला संपवायचं.

दिवसभर मात्र चिडचिड. पडदे धुवायला काढले आणि परत तसेच लावले.

२२ डिसेंबर, रविवार

नीलेश अकराला आला. आई स्वयंपाकाला लागल्या. मी मशीन आणून त्याच्या हातात दिलं. त्यानं टाकी उघडली आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"वहिनी, ही कोनी केली?"

"मी."

"खोटा."

"तुळशीच्या कुंडीत तेवीस पडल्यात. मोजून घे."

तो हसला. मग म्हणाला, "भाऊंना नाय जमली कधी."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, काय नाही जमली?

"कॉइल. तीन वरसांत एक नाय. वायरमन मानूस ते, हातात कायम अंगठ्याएवढी केबल. पयल्याच दिवशी स्क्रू हरवला, नि मला म्हनाले, निल्या, तूच करत जा, घरी सांगू नको. तार ते आनायचे, रविवारी मी दोन करायचा, सोमवारी पाळी सुटल्यावर घेऊन जायाचे."

"मग दार लावून अर्धा तास काय करत होते?"

"तयार असलेली बसवायचे. तेला पन तेंना अर्धा तास लागायचा."

तीन वर्षं. 'मधे बोलू नकोस, हात हलतो.' आणि मी बाहेर उभी राहून टीव्हीचा आवाज कमी करायचे! मला इतका राग आला की हसू आलं. आईंनी आतून डोकावून पाहिलं.

नीलेशनं खिशातून पांढरी डबी काढली. गोळ्यांची असते तशी. आत दोन कॉइल, कापूस भरलेल्या, टोकं कापलेली. "ह्या त्या दिवसाच्या. घरात पडल्यात. टाकवत नायत. म्हनून मशीन मागितला. म्हटला, निदान बसवून ठेवीन."

"त्या दिवशी हे यासाठी आले होते?"

त्यानं मान हलवली.

मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मी कापूस ओढून काढला, ते सांगितलं होतं?"

"सांगितला ना. जिन्यावरनंच हसत आले. 'निल्या, काल बायकोनं सगला उपटून कुंडीत टाकला. बरा झाला, तुझी कॉइल तशी पन गळत होती.' मी म्हटला, गळत नाय, तुमी वाकडी बसवता. मग मी चा ठेवला. वळून बघतो तर..." त्यानं डबीचं झाकण लावलं. "मी तुमाला 'असंच आलेले' म्हटला. सांगितला असता तर तुमाला वाटला असता, आपल्यामुलं आले. तसा नाय, वहिनी. सोमवार होता म्हनून आले. तुमी काय पन केला नसता तरी आले असते."

आईंनी पानं वाढली. बोंबलाचं कालवण होतं, नीलेश दोनदा भात घेऊन जेवला. जाताना मशीनकडं हात केला, मी म्हटलं, "आज डबी ठेवून जा. मशीन पुढच्या रविवारी ने."

"ठेवा, वहिनी. नाय दिला तरी चालंल."

"देणार म्हटलं ना. पुढच्या रविवारी."

संध्याकाळी गॅलरीत बसले. माझी कॉइल काढली. चांगली होती, काढताना जिवावर आलं. तिच्या जागी डबीतली बसवली. नीलेशचे वेढे माझ्यापेक्षा सारखे आहेत, हे मान्य करावं लागेल. कापूस मात्र त्यानं जरा घट्ट भरलाय, एका टोकाला गाठही आहे. आईंनी दाखवलं तसा थोडा ओढून मोकळा केला. स्क्रू पिळले. एकही पडला नाही. बाटली उलटी करून सगळं टाकलं, दोन मिली. कापूस भिजेपर्यंत थांबले.

ओढलं नाही. नुसतं बटण दाबून धरलं. आधी बारीक चरचर झाली, मग पांढरी वाफ आली, भरपूर, आणि पडद्याकडं गेली. बडीशेप. गाठीचा जराही जळका वास नाही.

पुन्हा दाबलं.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मग आई ओरडल्या, अगदी रोजच्यासारख्या, "संपव लवकर आन् जेवायला ये!"

"आले," मी म्हटलं. "पाच मिनिटं."